घराच्या दरपत्रकातील शब्द : सही करण्यापूर्वी काय समजून घ्यावे?

बार्शी तालुक्यातील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे : "मी प्राथमिक शिक्षिका आहे. गावाबाहेरच्या काळ्या मातीच्या प्लॉटवर आम्ही साधारण १००० चौरस फुटांचे घर बांधणार आहोत आणि पुढेमागे वर एक मजला चढवण्याचा विचार आहे. ओळखीच्या ठेकेदारांनी चार पानांचे दरपत्रक दिले आहे. त्यात 'पीसीसी १:४:८', 'आरसीसी एम-२०', 'एफई ५०० डी', 'जोते २ फूट', 'जादा खोदाई ब्रासप्रमाणे', 'ब्रिकबॅट कोबा' असे शब्द आहेत. अर्थ विचारला की ते म्हणतात, 'ताई, काळजी करू नका, सगळं व्यवस्थित होईल.' माणूस चांगला आहे, त्यांना दुखवायचे नाही; पण यात आमची सारी बचत आणि बँकेचे कर्ज जाणार आहे. सही करण्यापूर्वी मला निदान काय समजले पाहिजे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची दरपत्रकाची प्रत मी लक्षपूर्वक वाचली. ठेकेदार प्रामाणिक असावेत असे त्या पानांवरूनही वाटते, कारण त्यांनी मिश्रणाची प्रमाणे आणि सळईची प्रत लिहून दिली आहे. टाळाटाळ करायची असती तर 'उत्तम दर्जाचे काम' एवढेच लिहून ते मोकळे झाले असते. जो माणूस प्रमाण लिहून देतो, त्याला त्या प्रमाणाबद्दल विचारण्यात त्याचा अपमान नाही.

घराची सुरक्षितता ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्या जवळजवळ सगळ्या बांधकामाच्या काळातच कायमच्या झाकल्या जातात. फुटिंग, म्हणजे पायाचा चौथरा, मातीखाली जाते, सळई काँक्रीटमध्ये बुडते आणि विटांमधले सांधे गिलाव्यामागे जातात. फरशी आणि रंग रोज डोळ्यांसमोर राहतात, पण ते नापसंत ठरले तर बदलता येतात. म्हणून दरपत्रकातील प्रत्येक शब्दाचा अर्थ समजून घेताना दोन गोष्टी विचाराव्यात : ही वस्तू नेमकी किती असणार आहे, आणि ती झाकली जाण्यापूर्वी मला कोणत्या दिवशी पाहता येईल. पुढे मी याच दृष्टीने एकेक शब्द घेतो.

आपली जमीन काळी आहे, म्हणून पायापासून सुरुवात करतो आणि तेथे जरा जास्त थांबतो. काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे आपण शेतात पाहिलेच असेल. उथळ पाया या मातीबरोबर दरवर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. तोही सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे काही वर्षांतच खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. त्यावर गिलाव्याची डागडुजी कितीही केली तरी भेग परत येते. खरा उपाय म्हणजे फुटिंग काळ्या थराच्या खाली घट्ट मुरुमावर किंवा खडकावर टेकवणे. फुटिंग म्हणजे कॉलमच्या, अर्थात उभ्या खांबाच्या, तळाशी असलेला काँक्रीटचा रुंद चौथरा, जो कॉलममधून आलेला भार जमिनीवर पसरवतो.

आता आपल्या दरपत्रकात लिहिले आहे, 'खोदाई ५ फुटांपर्यंत, त्यापुढील खोदाई ब्रासप्रमाणे जादा'. ही अट चुकीची नाही. जमिनीच्या पोटात काय आहे हे ठेकेदारांनाही आधी माहीत नसते. परंतु ५ फुटांवरही काळी मातीच लागली, तर जादा खर्चाच्या भीतीने तेथेच थांबण्याचा मोह घरमालकालाच अधिक होतो. म्हणून सही करण्यापूर्वी प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्यावेत आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहून घ्यावे. घराच्या एकूण खर्चाच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ असतो आणि त्यावरून दरपत्रकातला '५ फूट' हा आकडा खरा आहे की नाही हे तेव्हाच कळते. काळा थर फारच खोल निघाला तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल सुचवू शकतात. हा जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब असून त्याचे तळाजवळचे अंग मुद्दाम रुंद केलेले असते, त्यामुळे वरची माती फुगली तरी तो जागेवरून उचलला जात नाही. फुगणाऱ्या मातीसाठीच रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली.

याच ठिकाणी 'एसबीसी' हा शब्द आपल्या कानावर येईल. जमिनीची एक चौरस मीटर जागा सुरक्षितपणे किती टन भार पेलू शकते, तो आकडा म्हणजे एसबीसी, अर्थात सुरक्षित भारवहन क्षमता. समजा, एका कॉलमवर ३० टन भार येणार आहे. जमीन चौरस मीटरला २० टन पेलत असेल तर फुटिंगला दीड चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे साधारण ४ फूट बाय ४ फूट. तीच जमीन १० टनच पेलत असेल तर ३ चौरस मीटर लागेल, म्हणजे पावणेसहा फूट बाय पावणेसहा फूट. म्हणून 'सगळ्यांच्या घराला ४ बाय ४ चे फुटिंग घालतो, तुमच्याही घालू' हे वाक्य कोणी कितीही आपुलकीने म्हटले तरी ते स्वीकारू नये. शिवाय आपल्याला वर मजला चढवायचा आहे. त्या मजल्याचा भार फुटिंग आणि कॉलम यांच्या आराखड्यात आजच धरलेला असला पाहिजे. वरचा मजला पुढे कधीही बांधता येईल, पण गाडलेले फुटिंग मागाहून रुंद करणे अतिशय अवघड आणि खर्चिक असते. नकाशावर 'भविष्यातील एक मजला धरून' असे शब्द स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीसह लिहून घ्यावेत. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणजे कॉलम, बीम (आडवी तुळई) आणि स्लॅबमध्ये काँक्रीट किती व सळई किती हे गणिताने ठरवणारी व्यक्ती. खोल्यांची मांडणी करणारे आर्किटेक्ट वेगळे आणि प्रत्यक्ष बांधणारे ठेकेदार वेगळे. आपल्या कागदांत आर्किटेक्टचा नकाशा आहे, पण आरसीसीचा, म्हणजे सळई आणि काँक्रीटचा, आराखडा मला दिसला नाही. तो मिळाल्याशिवाय खोदाई सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

'ब्रास' हे आपल्याकडचे माप आहे आणि ते समजायला सोपे आहे : १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणावी आणि १०० ने भागावे. ५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ५ फूट खोल खड्डा म्हणजे १२५ घनफूट, अर्थात सव्वा ब्रास. वाळू किंवा खडी घेऊन आलेली ट्रॉली १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट उंच भरलेली असेल तर तो एक ब्रास होतो. उंची दीड फूटच भरली असेल तर तो पाऊण ब्रास होतो. मोजमाप ट्रॉली रिकामी होण्यापूर्वी करावे. ओलसर वाळूचे आकारमान कोरड्या वाळूपेक्षा पाव भागापर्यंत जास्त दिसू शकते, हेही ध्यानात असावे. गिलावा आणि फरशीच्या कामात मात्र ब्रास म्हणजे १०० चौरस फूट असाही वापर आहे, म्हणून आपल्या दरपत्रकातील प्रत्येक ब्रासच्या पुढे 'घनफूट' की 'चौरस फूट' हे लिहून घ्यावे.

'पीसीसी १:४:८' म्हणजे सळई नसलेले साधे काँक्रीट, ज्यात आकारमानाने एक भाग सिमेंट, चार भाग वाळू आणि आठ भाग खडी असते. ते फुटिंगच्या खाली साधारण ४ इंच जाडीने घालतात. त्याचे काम भार पेलण्यापेक्षा खड्ड्याचा तळ समतल आणि स्वच्छ करण्याचे असते, म्हणजे वरची सळई मातीला टेकत नाही आणि ओल्या काँक्रीटमधले पाणी माती ओढून घेत नाही. आपल्या दरपत्रकात जाडी लिहिलेली नाही. ती लिहून घ्यावी.

'आरसीसी' म्हणजे सळई घातलेले काँक्रीट. काँक्रीट दाब उत्तम सोसते पण ताण सोसत नाही, आणि सळई ताण सोसते. म्हणून ज्या बाजूला ताण येतो त्या बाजूला सळई असावी लागते. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे, कारण छज्जाबद्दल बोलताना मला त्याची गरज पडणार आहे. 'एम-२०' मधील २० हा काँक्रीटच्या ताकदीचा आकडा आहे. १५ सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्रात दाबला असता त्याने चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसावा, अशी त्यामागची अपेक्षा असते. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार आरसीसीसाठी एम-२० ही किमान प्रत आहे. त्यामुळे कोणी 'घराला एम-१५ पुरते' असे म्हणाले तर ते मानू नये. लहान कामांवर एम-२० साठी १:१½:३ हे प्रमाण वापरतात. ५० किलोच्या एका गोणीत सुमारे सव्वा घनफूट सिमेंट असते, म्हणजे त्या गोणीमागे वाळू दोन घनफुटांपेक्षा थोडी कमी आणि खडी पावणेचार घनफूट इतकी पडायला हवी. घमेल्यांनी मोजत असतील तर एक घमेले किती घनफुटांचे आहे हे आधी मोजून ठेवावे. या प्रमाणाने एका घनमीटर काँक्रीटला साधारण ८ गोण्या सिमेंट लागते. आपली १००० चौरस फुटांची स्लॅब ५ इंच जाडीची असेल तर ती सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे जवळपास १२ घनमीटर होते आणि केवळ स्लॅबलाच ९० ते ९५ गोण्या लागतील. बीम वेगळे. त्या दिवशी रिकाम्या गोण्या एका जागी रचून ठेवायला सांगाव्यात, म्हणजे त्या मोजता येतील.

मिश्रणात पाणी किती, हा प्रश्न दरपत्रकात कोठेच नसतो, आणि काँक्रीट कमजोर होण्याचे सर्वांत सामान्य कारण तेच असते. एका गोणीला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरते, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पातळ मिश्रण पसरायला सोपे जाते म्हणून मजूर पाणी वाढवतात. पण ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि आत बारीक पोकळ्या ठेवते. काँक्रीट पसरत नसेल तर व्हायब्रेटर वापरावा, पाणी नव्हे. व्हायब्रेटर हे काँक्रीटमध्ये बुडवून कंपनाने त्यातली हवा बाहेर काढणारे यंत्र आहे. ते न वापरल्यास फळ्या काढल्यावर खडी उघडी पडलेले पोकळ भाग दिसतात, त्यांना हनीकोंब म्हणतात. असा भाग दिसला तर त्यावर घाईने सिमेंट फासू देऊ नये. आधी इंजिनिअरला दाखवावा.

आता सळई. 'एफई ५०० डी' मधील ५०० हा आकडा सळई कायमची ताणली जाऊ लागते त्या मर्यादेचा आहे, तोही चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. 'डी' हे अक्षर तिच्या लवचीकपणाचे आहे : साधी ५०० ची सळई तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबावी लागते, तर ५०० डी ची किमान १६ टक्के. भूकंपात हा फरक मोलाचा ठरतो, कारण लांबणारी सळई इमारत वाकू देते पण एकदम मोडू देत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने पाहिला आहे, आणि किल्लारी आपल्यापासून फार दूर नाही. तेथे बहुतेक माणसे मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली गेली. भिंती एकमेकींना आणि छताला बांधलेल्या नव्हत्या. आरसीसीच्या सांगाड्यात हे बांधून ठेवण्याचे काम रिंगा करतात. कॉलम आणि बीममधल्या उभ्या-आडव्या सळयांभोवती ठरावीक अंतरावर बारीक सळईच्या चौकोनी रिंगा असतात. रिंगेची दोन्ही टोके काटकोनात न वळवता १३५ अंशांत वळवून कॉलमच्या पोटात घातलेली असावीत, म्हणजे हादऱ्यात ती उघडत नाहीत. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाजवळ रिंगा अधिक जवळ असतात. किती जवळ, ते आरसीसीच्या आराखड्यात लिहिलेले असते. हे पाहायला इंजिनिअर असण्याची गरज नाही, टेप पुरतो.

सळईचे वजनही आपण स्वतः तपासू शकता. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो आणि १२ मीटर लांबीची पूर्ण सळई सुमारे १०.७ किलो भरते. ८ मिलिमीटरची पूर्ण सळई सुमारे पावणेपाच किलो. सळईच्या मानकात ८ ते १० मिलिमीटरसाठी ७ टक्के आणि त्यापुढे १६ मिलिमीटरपर्यंत ५ टक्के फरक मान्य आहे. त्याहून हलकी सळई आली तर ती परत पाठवावी. दोन सळया जोडताना त्या एकमेकींवर जितक्या लांब ठेवतात, त्याला लॅप म्हणतात. तो व्यासाच्या साधारण ५० ते ६० पट असतो, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला सुमारे २ ते २.४ फूट. नेमका आकडा आराखड्यातून घ्यावा. सगळ्या सळयांचे लॅप एकाच पातळीवर आलेले नसावेत.

'कव्हर' म्हणजे सळई आणि काँक्रीटची बाहेरची कड यांमधले अंतर. ते कमी पडले की दमट हवा आणि पाणी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या घरांच्या छतातून दिसणाऱ्या तांबूस सळया याच कारणाने दिसतात. सर्वसाधारण कोरड्या हवेत स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर कव्हर ठेवतात. त्यासाठी सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, बांधतात. त्यांच्या जागी खडीचा तुकडा सरकवू देऊ नये, कारण काँक्रीट पडताना तो निसटतो.

छज्जा आणि गॅलरी यांच्याबद्दल मला मनापासून सावध करायचे आहे. दोन आधारांवर टेकलेल्या स्लॅबमध्ये ताण मधोमध खालच्या बाजूला येतो, म्हणून तेथे मुख्य सळई खाली असते. भिंतीबाहेर निघालेल्या छज्जात किंवा गॅलरीत उलटे होते : ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई वरच असावी लागते. सळई बांधताना ती बरोबर वर बांधलेली असते; पण काँक्रीट टाकण्याच्या गडबडीत मजूर घमेली घेऊन तिच्यावरून चालतात आणि ती दबून खाली जाते. काँक्रीट भरल्यावर हे कोणालाच दिसत नाही. आधार काढल्यावर किंवा पुढे कधी चार माणसे गॅलरीत एकत्र उभी राहिल्यावर ती मुळाशी तडकते. उपाय साधा आहे : वरच्या सळईला तोलून धरणारे सळईचे घोडे, ज्यांना चेअर म्हणतात, पुरेसे लावलेले असावेत, मजुरांना चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात, आणि गॅलरीचा भाग ओतताना इंजिनिअर किंवा त्यांचा सुपरवायझर तेथेच उभा असावा. स्लॅबच्या दिवशी जेवणाखाण्याची गडबड घरात असते आणि नारळ फोडून झाल्यावर सगळे खाली येतात. त्या दिवशी घरातील एका माणसाने तरी शेवटपर्यंत वर थांबावे.

'सेंट्रिंगसह' म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरून ठेवणाऱ्या फळ्या, पत्रे आणि टेकूंचा खर्च दरात धरलेला आहे. यात पाहायचे ते टेकू कधी काढतात हे. आयएस ४५६ प्रमाणे स्लॅबचा आधारांमधला पल्ला साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावेत. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंतच्या पल्ल्याला १४ दिवस. हे दिवस ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले सिमेंट, वापरले तर मुदत इंजिनिअरना विचारून वाढवावी, कारण त्याची ताकद सावकाश वाढते. 'क्युरिंग' म्हणजे काँक्रीट सतत ओले ठेवणे. मानकात ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसीला किंवा उष्ण कोरड्या हवेत किमान १० दिवस सांगितले आहेत; सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळा पाहता आपण १४ दिवस धरावेत. स्लॅबवर बांध घालून पाणी साठवता येते, कॉलमला ओले गोणपाट गुंडाळावे लागते आणि नेमके कॉलमकडेच दुर्लक्ष होते. पाणी कोणी मारायचे आणि पाण्याचे पैसे कोणी द्यायचे, हे दरपत्रकात नसल्यास लिहून घ्यावे. बहुतेक वाद येथेच सुरू होतात.

जोते म्हणजे घराची फरशी जमिनीपासून जितकी उंच उचलतात तो भाग. 'जोते २ फूट' या शब्दांत उणीव आहे, कारण दोन फूट कशापासून हे लिहिलेले नाही. प्लॉटच्या जमिनीपासून मोजले आणि पुढे रस्ता डांबरीकरणाने वर आला तर पावसाचे पाणी दारात येईल. म्हणून रस्त्याच्या मध्यापासून उंची लिहून घ्यावी. जोत्याच्या आतला भराव मुरुमाचा असावा, खोदून काढलेल्या काळ्या मातीचा नसावा. ही चूक पुष्कळ ठिकाणी होते, कारण माती जागेवरच आणि फुकट असते. मुरूम ६ ते ९ इंचांच्या थरांनी टाकून, पाणी मारून, धुमस करून बसवावा, नाहीतर फरशी वर्षभरात खचते. कॉलमना जोत्याच्या पातळीवर जोडणारा आडवा बीम म्हणजे प्लिंथ बीम. काळ्या जमिनीत घराभोवती तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. तिला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. ती आपल्या दरपत्रकात नाही. तिच्यामुळे पावसाचे पाणी पायाजवळ मुरत नाही, म्हणून एखादी सजावटीची बाब कमी करावी पण ही घ्यावी.

भिंती आणि गिलाव्याबद्दल फार लिहीत नाही. आरसीसीच्या सांगाड्यात भिंती भार पेलत नाहीत. ९ इंची बाहेरची आणि साडेचार इंची आतली भिंत ही नेहमीची पद्धत आहे. वीट आणि काँक्रीट जेथे मिळतात तेथे गिलाव्यापूर्वी जाळी ठोकून घ्यावी, म्हणजे त्या रेषेत भेग पडत नाही. आतला गिलावा १२ मिलिमीटर आणि बाहेरचा दोन थरांत मिळून २० मिलिमीटर, एवढे लिहून घेतले की पुरे.

'ब्रिकबॅट कोबा' हे गच्चीच्या पाणीबंदीचे काम आहे. स्लॅब स्वच्छ करून तिच्यावर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात उतार देऊन बसवतात आणि वरून कोबा घोटतात. उतार शंभरास एक असावा, म्हणजे दर १० फुटांना सुमारे सव्वा इंच. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई हवी, कारण पाणी तेथूनच शिरते. मात्र आपण वर मजला चढवणार आहात, तेव्हा तो कोबा उद्या फोडावा लागेल. मजला पाच वर्षांच्या आत होणार असेल तर हलक्या खर्चाची पाणीबंदी पुरेल का, हे इंजिनिअरना विचारावे. वरच्या मजल्यासाठी कॉलममधून बाहेर ठेवलेल्या सळयाही उघड्या सोडू नयेत; त्यांना कमी सिमेंटच्या कच्च्या काँक्रीटचे आवरण द्यावे, नाहीतर मजला चढवायची वेळ येईपर्यंत त्या गंजून जातील.

आता पैशांशी थेट संबंध असलेला शब्द : 'बांधकाम क्षेत्र'. दर चौरस फुटाला आहे, पण कोणते चौरस फूट? कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा. फ्लॅटच्या विक्रीसाठी २०१६ च्या रेरा कायद्यात तिची व्याख्या दिली आहे, त्यात आतल्या भिंतींची जागा धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. स्वतःच्या प्लॉटवरच्या ठेक्यात मात्र बहुधा बाहेरच्या भिंतींसह बिल्ट-अप क्षेत्र किंवा स्लॅबचे एकूण क्षेत्र धरतात. छज्जा, गॅलरी, जिना आणि जिन्यावरची खोली पूर्ण मोजणार, अर्धी मोजणार की मुळीच नाही, यावर रक्कम बरीच बदलते. पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि कुंपणाची भिंत दरात आहेत की नाहीत, हेही आपल्या दरपत्रकातून कळत नाही. ठेकेदारांनी नकाशावर रंगीत पेन्सिलीने क्षेत्र आखून, त्याची बेरीज करून, त्याच कागदावर सही करावी, असे त्यांना सुचवावे.

राहिला प्रश्न विचारायचे कसे. आपण असे म्हणावे : "बँकेला आणि घरच्यांना दाखवायला मला प्रत्येक बाबीपुढे माप लिहून हवे आहे, आणि फुटिंग, कॉलम व स्लॅबची सळई झाकण्यापूर्वी इंजिनिअर येऊन पाहतील, त्यासाठी मला एक दिवस आधी कळवा." यात ठेकेदारांवर अविश्वास नाही आणि चांगल्या ठेकेदारालाही ते सोयीचे असते, कारण पुढे काही बिघडले तर तपासणी झाल्याची नोंद त्यांच्याही बाजूने असते. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे सहा ठोकळे भरून घ्यावेत. १२ घनमीटरच्या कामाला मानकाप्रमाणे दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळ्यांचे, लागतात. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ते तपासून मिळतात का, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

हप्ते तारखांवर न बांधता टप्प्यांवर बांधावेत, आणि प्रत्येक टप्प्याचा हप्ता त्या टप्प्याच्या तपासणीनंतर द्यावा. एकूण रकमेचा सुमारे ५ टक्के भाग एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट आजच घालावी. गच्ची गळते का, जोत्याजवळ पाणी थांबते का आणि काळी माती फुगल्यावर भिंतींवर तिरप्या भेगा उमटतात का, हे त्या चार महिन्यांत दिसून येते.